लाडू फुगलाय!

गुरुवारी रात्री पावणेबाराला घरात शिरले. चप्पल काढायच्या आधी मी रोज एक काम करते. हॉलमधल्या फिश टँकचा लाइट लावते आणि ‘काय मंडळी, जेवलात का?’ असं विचारते. (हसू नका. तुम्हीही बंद पडलेल्या प्रिंटरशी बोलता, मला माहितेय!) चिवडा नेहमीसारखा काचेला तोंड लावून हजर झाला. लाडू आला नाही. तो वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपला टेकून, एका कुशीवर कलंडून तरंगत होता. संपला, असंच वाटलं. मग त्याचा कल्ला हलला.

लाडू आणि चिवडा हे आमचे दोन गोल्डफिश. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात क्रॉफर्ड मार्केटमधून आणले, म्हणून ही नावं. चिवडा ठिपक्याठिपक्यांचा, आणि लाडू एकदम नारिंगी, दुहेरी शेपटीचा आणि मुळातच गोल. आता मुळातच गोल असलेल्या प्राण्याचं पोट फुगलंय हे ओळखायचं कसं, तुम्हीच सांगा! चार दिवस मी आणि माझी फ्लॅटमेट ‘बाळसं धरतोय गं’ म्हणून त्याचं कौतुक करत होतो.

त्या रात्री फोन केला तो मावसभावाला. तो रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकला आणि आता कोळंबीच्या फार्मवर नोकरी करतो. म्हणजे आमच्या खानदानातला माशांचा डॉक्टरच. बाकी खानदान मासे फक्त ताटात ओळखतं.

“ताई, आधी रडणं थांबव. मासा बाजूने बघायचा नसतो, वरून बघायचा. वरून फोटो काढ आणि पाठव.”

हा वरून बघायचा फंडा मला आधी कुणी सांगितला असता तर! वरून पाहिलं की फुगण्याचे प्रकार कळतात. एकाच बाजूला फुगवटा असेल तर आत गाठ असू शकते. मादी असेल तर पोटात अंडी अडकलेली असू शकतात. दोन्ही बाजू सारख्या फुगल्यात पण खवले अंगाला घट्ट चिकटलेले आहेत, तर बऱ्याचदा भानगड पोटाची असते. म्हणजे अति खाणं, बद्धकोष्ठता, किंवा खाताना गिळलेली हवा. आणि तिसरा प्रकार, ज्याचं नाव घेताना भाऊसुद्धा जरा थांबला, तो म्हणजे खवले उभे राहणं. अलिबागला किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली छोटी काटेरी बोंडं पडलेली असतात ना, मासा वरून तसा दिसायला लागतो. त्याला म्हणतात ड्रॉप्सी. आपल्याकडे माणसांना होतो तेव्हा जलोदर.

लाडूचे खवले बसलेले होते.

“मग चान्स आहे,” भाऊ म्हणाला. “दोन दिवस उपास. कडक. आणि खायला किती घालतेस?”

इथे आमची पहिली चोरी पकडली गेली. मी सकाळी निघताना चिमूटभर दाणे टाकायचे. फ्लॅटमेटचं निम्मा आठवडा घरून काम, तर ती दुपारी ‘बिचारे भुकेले दिसतायत’ म्हणून टाकायची. आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशी पोळीचा तुकडा कुस्करून घालायच्या, हे आम्हाला त्या शुक्रवारी कळलं! मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “अगं, मला बघितलं की तोंड उघडतात. दारात आलेल्याला उपाशी ठेवायचं का?” गोल्डफिश कुणालाही बघून तोंड उघडतो. तो भुकेचा पुरावा नाही, तो त्याचा स्वभाव आहे.

त्यातून गोल्डफिशला जठरच नसतं. अन्न थेट आतड्यात. त्यामुळे थोडं थोडं, एक-दोन मिनिटांत फस्त होईल इतकंच घालायचं. कोरडे दाणे पाण्यात फुगतात, म्हणून घालायच्या आधी भिजवलेले बरे. पाण्यावर तरंगणारं खाणं पकडताना मासा हवाही गिळतो. आणि लाडूसारख्या गोल जाती माणसांनीच निवडून निवडून तयार केल्यात. मूळचा लांबट मासा दाबून चेंडू केला, की आतडी आणि हवेची पिशवी एकमेकांना ढकलणारच. आतडं तुंबलं की पिशवीवर दाब येतो आणि मासा कलंडतो. म्हणजे दोष पोटाचा आणि तोल जातो पोहण्याचा.

शुक्रवार, शनिवार उपास. रविवारी मटार. हा उपाय जगभरच्या मासेवाल्या लोकांचा लाडका आहे आणि अगदी सोपा. फ्रोझन मटारचा एक दाणा उकडायचा, गार करायचा, साल काढायचं आणि बोटांनी बारीक कुस्करून घालायचा. मीठ नाही, फोडणी नाही. (मावशींना हे दोनदा सांगावं लागलं.) मटारमधल्या चोथ्याने आतडं पुढे सरकतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. जादू वगैरे काही नाही. लाडूने दोन घास खाल्ले, तिसरा थुंकला. संध्याकाळी सहा वाजता फ्लॅटमेट किंचाळली, “केलीऽऽ!” लाडूच्या मागे हिरवट लांब दोरी लोंबत होती. आम्ही दोघी सोफ्यावर उड्या मारत होतो आणि फोनवर आई म्हणत होती, “लहानपणी तुला एरंडेल पाजलं तेव्हा एवढा आनंद कुणाला झाला नव्हता.”

त्या रात्री लाडू सरळ पोहला. मी निवांत झोपले.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण भावाने सोमवारी सहज विचारलं, “पाणी टेस्ट केलंस का गं?”

“टेस्ट कशाला? दर रविवारी पूर्ण टाकी धुते मी! खडे, फिल्टर, सगळं नळाखाली घासून. चकाचक!”

पलीकडे शांतता. मग, “पूर्ण? नळाखाली? ताई...”

या ‘ताई’मध्ये जे होतं ते मी कधी विसरणार नाही. 

तर आता जरा शास्त्र. कंटाळू नका, कारण घरात टाकी ठेवणारे निम्मे लोक माझ्यासारखेच चकाचक असतात. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत कुठे जाणार? तो खातात बॅक्टेरिया. एका गटाचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने बरंच सौम्य. हे बॅक्टेरिया राहतात कुठे? फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवरच्या त्या बुळबुळीत थरात. म्हणजे नेमकं तेच, जे मी दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याने घासून गटारात सोडत होते. नव्या टाकीत ही वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी त्यांना कधी सहा दिवसांच्या वर टिकू दिलं नव्हतं. वर क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना भाजतो तो वेगळाच.

बरं, टाकी केवढी? २० लिटर. दोन गोल्डफिशसाठी! एका गोल जातीच्या गोल्डफिशला किमान ७५ लिटर तरी पाणी हवं, असं जाणकार सांगतात. दुकानदाराने विकताना ‘मॅडम, मस्त फिट बसतील’ एवढंच सांगितलं होतं. फिट तर आम्हीही लोकलमध्ये बसतो.

सोमवारी संध्याकाळी थेंबांचं टेस्ट किट मागवलं. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांमधले थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया शून्य. आमची नळी हिरवी झाली. फिकट नाही, पालकाच्या सूपसारखी. किटबरोबरच्या रंगाच्या कार्डावर तो हिरवा शोधताना मला पहिल्यांदा खरं कळलं की लाडूला आजारी कुणी पाडलंय. बद्धकोष्ठता मावशींच्या पोळीने झाली असेल. पण बाकीचं माझ्या स्वच्छतेने.

उपाय मात्र सोपा होता, त्याच रात्री सुरू केला. अर्धं पाणी काढायचं, अर्धं नवं घालायचं, आणि नवं पाणी जुन्या पाण्याइतक्याच तापमानाचं. क्लोरीन घालवायला अॅक्वेरियमच्या दुकानात छोटी बाटली मिळते. त्यात बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरायचे तो हायपो. ते नसेल तर पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवायचं, क्लोरीन उडून जातो. स्पंज नळाखाली नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा. आणि हे रोज, नळी पिवळी होईपर्यंत.

मंगळवारी सकाळी लाइट लावला. लाडू तळाशी होता. वरून पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. मानेपासून मागे, दोन्ही बाजूंना, खवले उभे.

फोनवर भाऊ या वेळी मस्करी करत नव्हता. त्याने मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मनुका रात्री भिजत घातली की सकाळी टम्म फुगते ना? गोड्या पाण्यातला मासा म्हणजे कायमची भिजत घातलेली मनुका. त्याच्या अंगात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी, म्हणून बाहेरचं पाणी कल्ल्यांतून आणि त्वचेतून सतत आत शिरत राहतं. त्याची मूत्रपिंडं चोवीस तास ते उपसून बाहेर टाकतात. मूत्रपिंडांनी हात टेकले, की पाणी आतच साठतं, पोट फुगतं आणि खवले आतून उचलले जातात. बऱ्याचदा यामागे एरोमोनास नावाचे बॅक्टेरिया असतात. ते बाहेरून कुठून येत नाहीत, टाकीत असतातच. धडधाकट माशाचं काही बिघडवत नाहीत. महिनोन् महिने अमोनियात राहिलेल्या माशाला मात्र धरतात.

“म्हणजे ड्रॉप्सी हा रोग नाही ताई. आतलं सगळं बिघडल्याची खूण आहे.”

मंगळवारी दुपारी आमच्या बाथरूममध्ये हॉस्पिटल उघडलं. नवी कोरी बादली, कारण साबण लागलेली चालत नाही. त्यात १० लिटर पाणी, क्लोरीन काढलेलं. पाणी उथळ, म्हणजे थकलेल्या माशाला हवा घ्यायला वर यायला लांब पडत नाही. एअर पंप. वर वर्तमानपत्र, कारण मासे उडी मारतात आणि शिवाय अंधारात शांत राहतात. मग मेडिकलमधून एप्सम सॉल्ट आणलं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. हे आपलं खायचं मीठ नाही आणि सैंधवही नाही, इथे गल्लत करू नका. अंगात साठलेलं पाणी ओसरायला आणि आतडी सैल व्हायला त्याची मदत होते म्हणून ते वापरतात. प्रमाण अगदी कमी, २० लिटरला चहाच्या चमचाचा आठवा भाग. म्हणजे आमच्या बादलीला त्याच्याही निम्मं. आधी वेगळ्या पाण्यात विरघळवायचं, मग हळूहळू ओतायचं. रोज पाणी बदललं की तेवढंच पुन्हा.

आता सल्ल्यांबद्दल. दुकानदार म्हणाला, “मॅडम, ही पिवळी गोळी टाका, चार तासांत फिट.” गोळी कसली, पाकिटावर नाव नाही, किती घालायची ते नाही. भाऊ भडकला. ही असली गोळी बहुतेकदा अँटिबायोटिक असते, आणि नुसती टाकीत टाकली की रोगाच्या आधी फिल्टरचे बॅक्टेरिया मारते. अर्धवट डोसने उरलेले जंतू आणखी निर्ढावतात. अँटिबायोटिक द्यायचंच तर ते जनावरांच्या डॉक्टरांनी ठरवावं. मी तीन क्लिनिकना फोन केले. दोघांनी “आम्ही डॉग-कॅट बघतो” म्हणून ठेवला. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी फोटो मागवले, पाण्याचे आकडे विचारले आणि स्पष्ट सांगितलं की खवले उभे राहायच्या आधी आला असतात तर औषधाचा उपयोग होण्याची शक्यता बरी होती, आता फारच कमी. त्यांनी फीसुद्धा घेतली नाही.

शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “तलावपाळीला सोडून ये गं, सुटेल बिचारा.” काकूंचं मन चांगलं आहे. पण आजारी मासा तलावात सोडणं म्हणजे आपला आजार तलावाला देणं. आणि बरा गोल्डफिशसुद्धा तलावात सोडायचा नसतो, तो तिथला नाही. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, तिथल्या माशांची अंडी खातो. आमच्या ठाण्याच्या तलावांना आधीच काही कमी त्रास आहेत का?

आणि बुधवारी मावशींनी बांगडे तळले. बाथरूममध्ये पेशंट आणि ताटात बांगडा. फ्लॅटमेट माझ्याकडे बघत होती, मी ताटाकडे. खाल्ला. खोटं कशाला बोलू? पण बाथरूमचं दार आधी लोटून घेतलं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मटार त्याने तोंडात घेतलाच नाही. डोळे बाहेर आल्यासारखे दिसायला लागले. मी एका क्लायंटची कॉल मीटिंग बाथरूममध्ये स्टुलावर बसून केली, कॅमेरा बंद ठेवून. ‘घरी पेशंट आहे’ म्हटलं तर समोरून फार काळजीने ‘आजी का?’ असं विचारलं गेलं. मी ‘हो’ म्हणाले. मासा म्हणायची हिंमत झाली नाही. त्याची मला अजून लाज वाटते, आजीची नाही, लाडूची.

त्या दिवसांत वाचलेली एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश होता. १९५६ मध्ये जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला. तो १९९९ मध्ये गेला, ४३ वर्षांचा होऊन. आणि आपण समजतो की गोल्डफिश म्हणजे सहा महिन्यांचा पाहुणा! सहा महिन्यांचा आपण त्याला करतो.

शुक्रवारी रात्री भावाला व्हिडिओ कॉल केला आणि बादलीवर कॅमेरा धरला. लाडू तळाशी एका बाजूला पडला होता, कल्ले मोठ्या अंतराने हलत होते. मी विचारलं, “अजून काही करता येईल का?” तो म्हणाला, “करता येईल. पण ते त्याच्यासाठी असेल की तुझ्यासाठी, ते बघ.” माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे तो.

लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं. मत्स्यशाळांमध्ये मासे हाताळताना त्यांना भूल द्यायला ते वापरतात. मात्रा वाढवली की मासा त्या झोपेतून उठत नाही. कमोडमध्ये जिवंत सोडून फ्लश करणारे लोक आहेत, फ्रीजरमध्ये ठेवणारे आहेत, त्यांना कदाचित माहीत नसतं की यात मासा किती वेळ तडफडतो. शनिवारी सकाळी काष्ठौषधींच्या दुकानातून तेल आणलं. छोट्या बाटलीत टाकीचंच थोडं पाणी आणि तेल घालून पांढरं होईपर्यंत हलवलं, आणि भाऊ फोनवर सांगत गेला तसं थोडं थोडं ओतलं. आधी लाडूचा तोल गेला, मग हालचाल थांबली. कल्ले थांबल्यावरही बराच वेळ पाण्यातच ठेवायचं असतं, कारण भूल हलकी असेल तर मासा परत जागा होतो. आम्ही तासभर तिथे बसलो. फ्लॅटमेटने मध्येच उठून बाथरूममधला गिझरचा लाल दिवा बंद केला. का, ते मी विचारलं नाही.

मोगऱ्याच्या कुंडीत पुरला. मावशी म्हणाल्या, “माती जरा खोल घे, मांजर येतं.”

आता चिवडा. तो त्याच टाकीत, त्याच पाण्यात होता, आणि त्याचं पोट सपाट होतं, खवले जागेवर होते. लाडू बादलीत असतानाही मी रोज अर्धं पाणी बदलत होते, ते खरं तर चिवड्यासाठीच चालू होतं. तेराव्या दिवशी नळी फिकट हिरवी झाली. मग नायट्राइट वर गेलं, पुन्हा धाकधूक. एकतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मी त्या पिवळ्या नळीचा फोटो भावाला पाठवला. त्याने उत्तरात कोळंबीचा फोटो पाठवला, काय अर्थ होता देव जाणे.

नवी टाकी १०० लिटरची आहे. फ्लॅटमेट म्हणते, त्या पैशात गोव्याला जाऊन आलो असतो. टेबल मोडायला नको म्हणून ती आता जमिनीवर, भिंतीला लागून, लोखंडी स्टँडवर आहे. जुना स्पंज तसाच नव्या फिल्टरमध्ये घातलाय, वस्ती हलवल्यासारखी. दाण्यांचा डबा माझ्या कपाटात, कुलपात. मावशी रुसल्या होत्या, मग त्यांना रविवारच्या मटाराची ड्यूटी दिली. त्या तो इतका बारीक सोलतात की मला कधी तसा सोलता येणार नाही.

काल रात्री उशीर झाला. लाइट लावला. चिवडा आला, काचेला तोंड लावून उभा. मी वाकून त्याला आधी वरून बघितलं.